बगळ्याचे सहलेखक

टेबलावर बावीस कविता, चार कथा आणि एक नाटक होतं. शिवाय दोन हायलायटर (त्यातला एक वाळलेला), पाण्याची बाटली, घरमालकीण शैलजाकाकूंनी आणून ठेवलेली चिवड्याची वाटी आणि विद्यापीठाचं तीन पानी सूचनापत्रक. कविता मी दोनदा मोजल्या, कारण पहिल्या मोजणीत त्या तेवीस भरल्या होत्या. एक कविता दोन पानांवर पसरलेली होती आणि दुसऱ्या पानावरचा मजकूर हा तिचाच पुढचा भाग आहे की नवीन कविता सुरू झाली आहे, हे मला वाचून कळलं नव्हतं. माझ्या परिस्थितीची यापेक्षा नेमकी कल्पना मला देता येणार नाही.

मी जीवरसायनशास्त्राची पदवीधर आहे. निदान मे महिन्यात मला तसं वाटत होतं. काळा झगा घालून, चौकोनी टोपी डोक्यावर सांभाळत मी स्टेजवरून चालत गेले होते, एका अनोळखी गृहस्थांशी हात मिळवला होता, आणि त्यांनी मला लाल फीत बांधलेली गुंडाळी दिली होती. गुंडाळी कोरी होती. खरं प्रमाणपत्र पोस्टाने येतं, असं सगळेच म्हणाले. माझ्याकडे पोस्टाने काही आलं नाही. जूनमध्ये रजिस्ट्रारच्या कार्यालयाची ईमेल मात्र आली: आपली पदवी नोंदवता येत नाही, ‘साहित्य’ या गटातला एक विषय अपुरा आहे.

मी पहिली दोन वर्षं पुण्यात शिकले आणि मग इकडे परदेशी विद्यापीठात आले. पुण्यात आम्हाला ‘कंपल्सरी इंग्लिश’ होतं आणि त्यात कविता होत्या, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण त्या मी घोकल्या होत्या. पण इथल्या कार्यालयाने त्या विषयाला ‘संवादकौशल्य’ या खात्यात टाकलं होतं. त्यात साहित्य होतं हे सिद्ध करायचं, तर त्या वर्षीचा अभ्यासक्रम कॉलेजच्या सही-शिक्क्यासह बंद पाकिटात हवा होता. मी पुण्याला फोन लावला. तिथल्या ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, “मॅडम, त्या वर्षीचा सिलॅबस आता बदललाय. नवा देऊ का?” मी म्हटलं, नवा नको, मी शिकले तो हवा. “तो जुना झाला ना पण,” असं त्यांनी मला समजावून सांगितलं आणि अर्जासह समक्ष येण्याचा सल्ला दिला.

दुसरा मार्ग एकच होता. विषय न घेता त्याची परीक्षा देऊन टाकायची. त्यांनी दिलेल्या कविता, कथा, नाटक यांतल्या एकावर पन्नास गुणांचा समीक्षात्मक निबंध घरी लिहून पाठवायचा आणि पन्नास गुणांचा दुसरा, कधी न पाहिलेल्या कवितेवर, विद्यापीठात बसून लिहायचा. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी सत्तर. परीक्षा ऑगस्टमध्ये, आणि संधी एकच.

ऑगस्टअखेर पदवी नोंदली गेली नाही तर इथल्या बॉथेल गावातल्या ज्या लॅबमध्ये मी काम करत होते तिथली नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर इथे राहण्याचा परवानाही. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नाशिकला आईने झग्यातला माझा फोटो मोठा करून, फ्रेम लावून हॉलमध्ये टांगला होता. त्या फोटोतली मुलगी पदवीधर नाही हे आईला माहीत नव्हतं. दर रविवारी ती विचारायची, “सुमेधा, सगळं ठीक ना गं?” आणि मी म्हणायची, “मस्त.”

तर, कविता.

मी निवडलेली कविता सर्वांत लहान होती. निवडीचा निकष तोच होता. एका मोठ्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये पाणी साचलं आहे आणि त्यात एक बगळा उभा आहे. गाडीत बसलेला एक माणूस त्याच्याकडे बघतो आहे. मग बगळा उडून जातो. एवढंच. मी पान उलटून मागे काही आहे का पाहिलं. मागे दुसरी कविता होती. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले तेव्हा मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्याने विचारलं, ‘आपण व्यायाम करत आहात असं दिसतं. नोंद करू का?’ मी खुर्चीत बसले होते. हलत फक्त हृदय होतं.

घाबरलेल्या माणसाने आपल्याला येतं ते करावं, म्हणून मी मला येतं ते केलं. निबंधाचे प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणं आणि चर्चा असे चार भाग पाडले. ‘पद्धती’मध्ये लिहिलं: ‘कविता सामान्य तापमानाला पाच वेळा वाचण्यात आली.’ ‘निरीक्षणं’मध्ये नामं, क्रियापदं आणि विशेषणांचा स्तंभालेख काढला. शेवटी सावधगिरीची सूचना दिली की नमुना एकच असल्यामुळे बगळ्यांविषयी कोणतंही सर्वसाधारण विधान करता येणार नाही.

मसुदा एकदा प्राध्यापकांना दाखवायची परवानगी होती. परीक्षा घेणारे डॉक्टर व्हिटकम यांनी उत्तर पाठवलं, ‘अठ्ठावीस वर्षांत असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.’ पुढची ओळ वाचेपर्यंत मी खुशीत होते. पुढची ओळ अशी होती: ‘पण या सगळ्यात तुम्ही कुठे आहात?’

मी कुठेच नव्हते. स्वतःला मी मुद्दाम काढून टाकलं होतं. ‘मला वाटतं’ असं एकदा लिहिलं म्हणून माझा प्रयोगाचा अख्खा रिपोर्ट परत आला होता आणि तेव्हापासून मला काही वाटलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी पोळीचा तुकडा हातात धरून बराच वेळ बसून राहिले असणार, कारण शैलजाकाकूंनी विचारलं, “भाजी तिखट झालीये का गं?” आणि मी रडायला लागले.

मी ज्या घरात वरची खोली भाड्याने घेतली आहे ते घर राजेशकाका आणि शैलजाकाकूंचं. काका पुण्याचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर. जगातला प्रत्येक प्रश्न हा केवळ नीट प्लॅन न केल्यामुळे शिल्लक आहे, असं त्यांचं मत आहे. काकू नागपूरच्या, आणि उन्हाळ्यात त्यांची आई इथे येऊन राहिली होती. मी त्यांना पहिल्या दिवशी ‘आजी’ म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आजी घरच्यांसाठी. तू मला मॅडम म्हण.” नीलांबरी मॅडमनी नागपूरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ती गोष्ट कधी उपयोगी पडेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

“रडून काय राहिली तू?” मॅडम म्हणाल्या. “कविता आण इकडे.”

मी कविता आणली. त्यांनी चष्मा लावला, कविता वाचली, आणि चष्मा काढला. या सगळ्याला मला पाण्याचा पेला संपवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

“बगळा म्हणजे मृत्यू,” त्या म्हणाल्या. “लिहून घे.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे?”

“म्हणजे पुरावा काय, मॅडम? कवितेत मृत्यूचा उल्लेख नाहीये.”

मॅडमनी लेकीकडे पाहिलं. “शैलू, ही पोरगी मला पुरावा मागून राहिली.” मग माझ्याकडे वळून, “पांढरा आहे ना तो? एकटा आहे ना? शेवटी उडून जातो ना? आणखी काय पाहिजे तुला, डेथ सर्टिफिकेट?”

दुसऱ्या दिवसापासून रोज लॅबमधून आल्यावर जेवणाच्या टेबलावर माझा वर्ग भरू लागला. मॅडम सांगत, मी लिहून घेत असे. त्यांची पद्धत पक्की होती. आधी कवी किती थोर आहे ते दीड पान, मग कवितेतली प्रतीकं ओळीने, आणि शेवटी कवी पुन्हा एकदा थोर. हा कवी जिवंत आहे आणि शेजारच्याच राज्यात कुठेतरी शिकवतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “तो त्याचा प्रश्न आहे.”

राजेशकाका दोन दिवस हे लांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. “सुमेधा, तुझ्या या डॉक्युमेंटचा ओनर कोण आहे? डेडलाइन काय? रिव्ह्यू सायकल काय?” त्यांनी निबंध सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ऑनलाइन ठेवला, वेळापत्रक आखलं आणि तपासणीसाठी समोरच्या घरातल्या उल्हासदादाला बोलावलं. उल्हासदादा मुंबईचा. त्याचं कामच मुळी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष शोधण्याचं. त्याने सोफ्यावर बसून, एक पाय दुसऱ्यावर टाकून, माझ्या निबंधात सतरा दोष काढले आणि प्रत्येकाला ‘कमी’ ते ‘गंभीर’ अशी तीव्रता लावली.

“हे बघ, इथे तू लिहिलंस की वाचकाला उदास वाटतं. मी तीनदा वाचलं. मला नाही वाटलं उदास. कसं रिप्रोड्यूस करू?”

“तुम्हाला नसेल वाटलं, दादा.”

“मग तसं लिही ना यार. कोणाला वाटतं, कुठल्या कंडिशनमध्ये वाटतं.” हे मला अगदी पटलं. कित्येक दिवसांत मला पटलेलं ते पहिलंच वाक्य होतं, आणि मी कृतज्ञतेने ते टिपून घेतलं.

रविवारी काकूंनी मिसळ केली आणि निबंधावर अंतिम बैठक झाली. बगळा म्हणजे मृत्यू, असं मॅडमचं म्हणणं कायम होतं. बगळा म्हणजे परदेशात आलेला माणूस, हे राजेशकाकांना आंघोळ करताना सुचलं होतं. “विचार कर. चुकीच्या जागी उभा आहे. जमीन त्याची नाही. कधीही उडावं लागेल.”

“त्याला उडायला व्हिसा लागत नाही, काका,” उल्हासदादा म्हणाला. “तुमचं सिम्बॉल तिथेच फेल जातंय.”

“मला तर वाटतं त्याला भूक लागली असेल,” शैलजाकाकू पाव भाजताना म्हणाल्या. “पाण्यात उभा आहे म्हणजे मासेच शोधतोय ना? आणि पार्किंगमध्ये कुठले मासे?”

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. मॅडम म्हणाल्या, “शैलू, तू बीकॉमला जायला नको होतंस.” काकूंचं वाक्य निबंधाच्या शेवटी घ्यायचं ठरलं. शीर्षकही त्यांनीच दिलं. माझं एक वाक्य मधल्या परिच्छेदात उरलं होतं, त्याला उल्हासदादाने ‘कमी तीव्रता, काढून टाकावे’ असा शेरा मारला होता, पण तोपर्यंत काकांनी जाहीर केलं होतं की आता निबंध फ्रीज झालाय, कोणीही हात लावायचा नाही. त्यामुळे ते वाचलं.

निबंध खरोखर चांगला झाला होता. इतका चांगला, की तो वाचून मला धास्तीच वाटली. पाठवण्याआधी मी सूचनापत्रकाची तिन्ही पानं पुन्हा एकदा वाचली. तिसऱ्या पानावर तळाशी लिहिलं होतं: ‘घेतलेल्या सर्व मदतीचा उल्लेख करावा.’

आमच्या क्षेत्रात याबाबतीत हयगय चालत नाही. ज्याने नुसती परीक्षानळी धुतली त्याचंही नाव घालायचं असतं. न घालणं ही चोरी समजली जाते, आणि चोरी करणाऱ्याला पुन्हा कोणी परीक्षानळी देत नाही. मी निबंधाखाली रेघ मारली, ‘लेखकांचं योगदान’ असा मथळा दिला, आणि ठराविक पद्धतीने सविस्तर लिहिलं. प्रतीकयोजना: प्रा. नीलांबरी. आराखडा व वेळापत्रक: राजेश. दोषतपासणी: उल्हास. शीर्षक व समारोप: शैलजा. पहिला मसुदा: सुमेधा. भाषा: सर्वांनी मिळून. अंतिम मजकुराला सर्व लेखकांची मान्यता आहे. हितसंबंधांचा संघर्ष नाही. आर्थिक साहाय्य नाही. मिसळ शैलजा यांच्या सौजन्याने.

मग मी ‘पाठवा’चं बटण दाबलं आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

उत्तर व्हिटकम यांच्याकडून आलं नाही. ते ‘शैक्षणिक प्रामाणिकपणा कार्यालय’ नावाच्या ठिकाणाहून आलं. असं एखादं कार्यालय असेल हे मला ठाऊक नव्हतं, जसं निरोगी माणसाला स्वादुपिंड कुठे असतं ते ठाऊक नसतं. ‘आपण सादर केलेल्या निबंधाच्या लेखकत्वाविषयी गंभीर प्रश्न उपस्थित झाला आहे. सुनावणीस हजर राहावे. आरोप सिद्ध झाल्यास परीक्षा रद्द होऊ शकते आणि त्याची नोंद कायमस्वरूपी राहते.’

मी ही ईमेल लॅबमध्ये वाचली. हातात थेंब मोजून सोडायचं पिपेट होतं. जो थेंब प्लेटच्या एका खळग्यात जायला हवा होता तो शेजारच्या खळग्यात गेला, त्याच्या पुढचा माझ्या बुटावर, आणि सकाळपासूनचं काम फुकट गेलं. माझ्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, “आर यू ओके?” मी नेहमीचंच उत्तर दिलं. मस्त.

घरी आल्यावर मी ईमेल सगळ्यांना वाचून दाखवली. मला अपेक्षा होती की आता तरी कोणी सल्ला देणार नाही.

“एक काम कर,” उल्हासदादा म्हणाला, “सांग की ही सगळी काल्पनिक नावं आहेत. क्रिएटिव्ह रायटिंग.”

“खोटं बोलायचं? प्रामाणिकपणाच्या कार्यालयात?”

“मग सांग की आमच्यात असंच असतं. कल्चर. कल्चर म्हटलं की इथे कोणी पुढे विचारत नाही.”

राजेशकाका म्हणाले, “मी दहा स्लाइडचं प्रेझेंटेशन करतो. टाइमलाइन, रूट कॉज, करेक्टिव्ह ॲक्शन.” मी त्यांना हात जोडले. शैलजाकाकूंना एकच गोष्ट खुपत होती. “मिसळ कशाला लिहिलीस गं? त्यांना वाटेल आपण लाच दिली.”

नीलांबरी मॅडमनी फक्त सुनावणीची तारीख विचारून घेतली. सुनावणीच्या दिवशी त्या इस्त्रीची कॉटनची साडी नेसून, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून गाडीत बसलेल्या होत्या. “चौतीस वर्षं मी कॉपी पकडली आहे,” त्या म्हणाल्या. “तू कॉपी केली नाही. कॉपी करणारा मुलगा नावं लिहून देत नाही. हे मी त्यांना सांगेन.”

त्यांना आत घेतलं नाही. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. आत एक लांब टेबल, त्याच्या पलीकडे कार्यालयाच्या प्रमुख बाई आणि त्यांच्या शेजारी व्हिटकम. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच, बारीक, पांढरे केस, खांदे वर काढून एका जागी स्थिर बसलेले. याहून वाईट वेळी मला बगळा आठवला नसता.

“उल्हास कोण?” बाईंनी विचारलं.

“समोरच्या घरात राहतात. त्यांनी दोष काढले.”

“कसले दोष?”

“सतरा. त्यातले चार गंभीर होते, ते दुरुस्त केले.”

बाईंनी ते लिहून घेतलं. “आणि प्राध्यापक नीलांबरी?”

“त्या बाहेर बसल्या आहेत.”

“बाहेर म्हणजे?”

“बाकावर.”

बाई आणि व्हिटकम यांनी एकमेकांकडे पाहिलं. “तुम्ही हे सगळं स्वतःहून का लिहून दिलंत?” व्हिटकम म्हणाले.

मी त्यांना परीक्षानळीचं सांगितलं. आमच्याकडे नाव न लिहिणं हा गुन्हा असतो, तुमच्याकडे नाव लिहिण्यासारखं काही करणं हा गुन्हा आहे, हे मला या क्षणापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं आणि सूचनापत्रकाच्या तिसऱ्या पानावरून तसं समजत नाही. हे बोलताना ‘सूचनापत्रक’ हा शब्द मला दोनदा सुरू करावा लागला.

व्हिटकम यांनी निबंधाची प्रत माझ्यापुढे सरकवली. “यातलं तुमचं काय आहे, दाखवाल?”

मी पहिल्या ओळीपासून बोट ठेवत गेले. हे मॅडमचं. हे काकांचं, आंघोळीतलं. हा गंभीर दोष क्रमांक दोन, दुरुस्तीनंतरचा. हे पुन्हा मॅडम. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानाच्या मध्याशी येईपर्यंत मला दिसायला लागलं होतं की मी स्वतःविरुद्ध साक्ष देते आहे, आणि ती अतिशय पद्धतशीरपणे देते आहे. मग ते वाक्य आलं. ‘हे पार्किंग लॉट आहे हे बगळ्याला माहीत नाही, ते फक्त गाडीतल्या माणसाला माहीत आहे, आणि भीती त्याला वाटते आहे.’

“हे माझं,” मी म्हटलं. “काढून टाकायचं राहून गेलं.”

त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. संपूर्ण प्रतीवर तेवढी एकच रेघ होती.

मला बाहेर बसायला सांगितलं. मॅडमनी पर्समधून वेलदोडा काढून दिला. पुन्हा आत बोलावलं तेव्हा बाईंनी निर्णय वाचून दाखवला. काहीही लपवलेलं नसल्यामुळे गैरवर्तनाची नोंद होणार नाही. मात्र हा निबंध बाद. त्याऐवजी दोन्ही निबंध मी विद्यापीठात, एका बैठकीत, कोणाच्याही मदतीशिवाय लिहायचे. एक दिलेल्या कथांपैकी एकीवर, दुसरा न पाहिलेल्या कवितेवर. शंभरपैकी सत्तर. आणि तोपर्यंत अभ्यासात कोणाचीही कसलीही मदत घ्यायची नाही.

मॅडमनी हे शेवटचं वाक्य माझ्याकडून कळताच घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि घर बदलून गेलं. आजवर मी आगंतुक सल्ल्यांना वैतागले होते. आता कळलं की त्याहून भयंकर गोष्ट असते. काकूंना मी विचारलं, पोह्यात मीठ बरोबर आहे का, तर त्या म्हणाल्या, “मी काही बोलणार नाही हं. तुझं तू ठरव.” उल्हासदादा मला रस्त्यात पाहून पलीकडच्या फुटपाथवर जायचा. राजेशकाका गाडी चालवत असताना मी म्हटलं, ढग आलेत, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि ती मान हो म्हणाली की नाही, हेही कळू दिलं नाही. नीलांबरी मॅडम संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर येऊन बसत, चष्मा पुसत, आणि उठून जात. चौतीस वर्षं बोलत आलेल्या माणसाला गप्प बसवल्यावर तो कसा दिसतो, हे मी पाहत होते, आणि त्याला कारण मी होते.

बावीसही कविता मी एकटीने वाचल्या. वाचताना काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बऱ्याचशा समजल्या नाहीत. दोन-तीन समजल्या नाहीत तरी डोक्यातून गेल्या नाहीत, ही वेगळी अवस्था आहे आणि तिला नाव काय ते मला ठाऊक नाही.

परीक्षेची खोली थंड होती. मी, एक पर्यवेक्षक आणि भिंतीवरचं घड्याळ. मी कवितेचा लिफाफा आधी उघडला, कारण ज्याची जास्त भीती तिकडे आधी बघावं एवढंच त्या क्षणी मला सुचलं.

कवितेत एक आई होती. तिच्या मुलाला ताप आहे. ती त्याच्या काखेत थर्मामीटर लावते, थांबते, काढते, उजेडाकडे धरून वाचते. मूल विचारतं, किती? ती थर्मामीटर झटकते आणि म्हणते, काही नाही, झोप. कविता संपते. आकडा कुठेच दिलेला नाही.

पहिल्यांदा मला संताप आला. मोजमाप घेतलेलं आहे, उपकरण ठीक आहे, निरीक्षकाने वाचलेलं आहे, आणि आकडा दडवून ठेवला आहे. असा रिपोर्ट मी परत पाठवला असता. मी कविता पुन्हा वाचली, आकडा सापडेल म्हणून. मग पुन्हा. आणि मग माझ्या लक्षात आलं की या खोलीत असं करणारी ती एकटीच बाई नाही.

मी लिहायला लागले. मी लिहिलं की मला वाटतं, ही आई मुलाला फसवत नाही. आकडा तिने एकटीने वाचला आहे आणि आता तो एकटीने धरून ठेवला आहे, कारण तो दोघांच्या हातात दिला तर तापाची भीतीही दोघांना वाटेल. मला वाटतं, ‘काही नाही’ हे या कवितेतलं सर्वांत अचूक वाचन आहे, फक्त ते थर्मामीटरचं नाही. मग लिहिलं की माझी आई दर रविवारी मला किती ते विचारते आणि मी थर्मामीटर झटकते. याला पुरावा काय, ते मी लिहिलं नाही. माझ्याजवळ नव्हता. ‘मला वाटतं’ किती वेळा लिहिलं तेही मोजलं नाही.

मान वर केली तेव्हा घड्याळात फार थोडा वेळ उरला होता आणि दुसरा निबंध पूर्ण कोरा होता. कथा पीच मुरवून बरण्या भरणाऱ्या एका बाईची होती. त्या बाईबद्दल मला बरंच काही म्हणायचं होतं, पण मी नीट तीनच परिच्छेद लिहू शकले, आणि चौथा सुरू करून ‘बरण्यांची झाकणं घट्ट लावल्यावर ती’ इथवर आले तेव्हा पर्यवेक्षकाने हात पुढे केला. मी कागद दिला. गाडीत बसल्यावर मी बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

त्या रविवारी आईचा फोन आला. “सगळं ठीक ना गं?” मी तिला ठीक नाही म्हणून सांगितलं. रजिस्ट्रार, निबंध, सुनावणी, ती अर्धवट राहिलेली उत्तरपत्रिका, सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी आई म्हणाली, “इतके दिवस एकटीच कशाला गं?” आणि मग, “फोटो मी काढणार नाही हं. चांगला आलाय.”

निकाल गुरुवारी आला. मी तो उघडला तेव्हा राजेशकाका, शैलजाकाकू, उल्हासदादा आणि नीलांबरी मॅडम माझ्या खुर्चीच्या मागे उभे होते आणि कोणीही, कसलंही मत देत नव्हतं.

कवितेवरचा निबंध: पन्नासपैकी त्रेचाळीस. कथेवरचा निबंध: पन्नासपैकी अठ्ठावीस. एकूण: एकाहत्तर.